पद्मिनी आणि मधली पस्तीस वर्षं

मागच्या उन्हाळ्यात अमरावतीला गेलो होतो तेव्हाची गोष्ट. लिहीन लिहीन म्हणत राहूनच गेली, कारण गोष्ट एवढीशी आणि तिला फुटलेले फाटे फार. आज शनिवार मोकळा आहे, तेव्हा बसतोच.

आमच्या घरी बाबांची १९८१ ची प्रीमियर पद्मिनी आहे. बाबांनी ती सेकंडहँड घेतली होती. ते गेल्यापासून वर्षातून दोन-तीनदा, मी पुण्याहून आलो की तिचं कव्हर निघतं. त्या रविवारी आईला म्हटलं, चल, कौंडण्यपूरला जाऊन येऊ. अमरावतीहून मार्डी, कुऱ्हा असं गेलं की चाळीस-एक किलोमीटरवर वर्धा नदीच्या काठी हे गाव. रुक्मिणीचं माहेर. निघता निघता अकरा वाजले, आणि वैशाखातले अकरा म्हणजे काय हे वऱ्हाडातल्या माणसाला सांगायला नको.

कुऱ्ह्याच्या पुढे गाडीनं दोन उचक्या दिल्या आणि थांबली.

जुन्या कार्बोरेटरवाल्या गाड्या चालवणाऱ्यांना उन्हाळ्यातलं एक निदान तोंडपाठ असतं: एअर लॉक. इंजिनाच्या अंगाला चिकटून बसलेला पेट्रोलचा पंप तापतो, आतल्या पेट्रोलची वाफ होते, पंप ती वाफच घुसळत बसतो आणि कार्बोरेटर कोरडा पडतो. उपायही पिढीजात आहे. पंपावर ओला फडका ठेवायचा आणि सावलीत बसायचं. मी फडका ठेवला, आम्ही वीस मिनिटं बाभळीखाली बसलो, गाडी सुरू केली. दीड मिनिट चालली आणि मेली. पुन्हा फडका, पुन्हा बाभूळ, पुन्हा तेच.

शेवटी मिस्त्रीकाकांना फोन लावला. काका सत्तरीच्या पुढचे, गॅरेज बंद करून चार वर्षं झालेली. बाबांच्या काळापासून या गाडीला दुसऱ्या कुणी हात लावलेला नाही.

"काका, एअर लॉक झालाय. फडका ठेवला तरी..."

"एअर लॉक हाय हे तूच ठरवलं का? फोन इंजिनाजवळ धर अन् चालू कर."

धरला. गाडी चालली, उचकली, मेली.

"हे गर्मीचं नाही बावा. गर्मीनं मरते तवा दम कोंडल्यावानी हळूहळू मरते. ही उचक्या देऊन राह्यली. कुठून तरी हवा ओढून राह्यली. टाकीकडून पंपात येते तो पाइप पाह्य. क्लिपापाशी."

पाहिला. क्लिपच्या खाली रबरी पाइपला केसाएवढी चीर. पंपाच्या ओढणाऱ्या बाजूला असल्यामुळे तिथून पेट्रोल ठिबकत नव्हतं, उलट हवा आत जात होती. दोष उन्हाचा नव्हता आणि गाडीचाही नव्हता. दोन वर्षांपूर्वी काकांनीच "तो पाइप बदल" म्हणून बजावलं होतं आणि मी "पुढच्या खेपेला बघू" म्हटलं होतं. (ऑफिसात याच सवयीवर मी ज्युनियर पोरांना लेक्चर देतो. असो.) शेजारच्या संत्र्याच्या बगीच्यातल्या एका भल्या माणसानं सुरी दिली. पाइपाचा चिरलेला अर्धा इंच कापला, उरलेला पुन्हा क्लिपमध्ये बसवला, पंपाच्या खालच्या खटक्यानं हातानं पेट्रोल चढवलं. सुरू झाली ती थेट कौंडण्यपूरला थांबली.

चाळीस किलोमीटरवरून, फोनवर, नुसत्या आवाजावरून! मी वाटभर तेच तेच बोलत होतो. आईला त्यात विशेष काही वाटलं नाही. ती म्हणाली, "दमयंतीनं नाही का नुसत्या रथाच्या आवाजावरून नळाला ओळखलं? तेही इथलंच की."

इथलंच खरं. महाभारताच्या वनपर्वातल्या नळाच्या कथेत दमयंतीच्या बापाची राजधानी कुंडिनपूर आहे, आणि परंपरेनं ते कुंडिनपूर म्हणजेच हे कौंडण्यपूर. लहानपणी ऐकलेली कथा घरी आल्यावर पुन्हा नीट वाचली आणि उडालोच. कारण ती कथा बरीचशी गाडीचीच कथा आहे.

थोडक्यात सांगतो. द्यूतात सगळं घालवलेला नळ, कर्कोटक नागाच्या दंशानं विद्रूप होऊन, बाहुक नावानं अयोध्येच्या ऋतुपर्ण राजाकडे घोड्यांची देखभाल करतोय. त्याला शोधून काढायला दमयंती एक शक्कल लढवते. ऋतुपर्णाला निरोप पाठवते की उद्या सूर्योदयाला माझं दुसरं स्वयंवर आहे. अयोध्येहून विदर्भ एका दिवसात! असा रथ हाकणारा जगात एकच, हे तिला माहीत आहे. बाहुक घोडे निवडतो ते हाडकुळे. राजा म्हणतो, ही मरतुकडी जनावरं कशाला? बाहुकाला घोडं कळतं, त्यामुळे तो बधत नाही. वाटेत राजाचा शेला उडतो, राजा म्हणतो थांबव. बाहुक सांगतो, तो आता योजनभर मागे राहिला.

इथून पुढचा भाग मला फार आवडतो. ऋतुपर्णाला राहवत नाही म्हणून तो आपली विद्या दाखवतो. बेहड्याच्या एका झाडाकडे नुसतं बघून त्याची पानं आणि फळं किती ते सांगतो. बाहुक रथ थांबवतो, उतरतो आणि मोजायला लागतो! राजाला उशीर होतोय, स्वयंवर चुकणार आहे, पण हा पडताळा घेतल्याशिवाय हलायला तयार नाही. आकडा बरोबर निघतो. मग सौदा ठरतो: तू मला तुझी फाशांची आणि मोजणीची विद्या दे, मी तुला घोड्यांची देतो. राजा आपली विद्या तिथल्या तिथे देतो आणि म्हणतो, माझ्या वाटची अश्वविद्या सध्या तुझ्याकडेच ठेव म्हणून राहू दे.

संध्याकाळी रथ कुंडिनपुरात शिरतो आणि त्याच्या घरघराटावरून दमयंती ओळखते की हाकणारा नळच आहे. तोंड बदललं तरी हात बदलला नव्हता.

तर कौंडण्यपूरच्या वाटेवर गाडी थांबवून दोन माणसांनी एकमेकांना विद्या देण्याची प्रथा फार जुनी आहे :) आपल्या पद्मिन्या आजवर चालल्या त्या याच प्रथेवर. कशा, ते सांगण्यासाठी थोडं मुंबईला जावं लागेल.

सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली आणि कुर्ल्याच्या कारखान्यातून १९४७ मध्ये पहिली गाडी बाहेर पडली. सुरुवात अमेरिकेच्या क्रायसलरच्या गाड्यांनी झाली, मग १९५० च्या दशकात इटलीच्या फियाटशी जमलं. त्या वेळी मुंबईत शिवडीला जनरल मोटर्स १९२८ पासून गाड्या जोडत होती, फोर्डही होती. १९५३ च्या टॅरिफ कमिशनच्या अहवालानंतर सरकारचं धोरण ठरलं की नुसते सुटे भाग आणून जोडणाऱ्यांना इथे जागा नाही, ज्यांना टप्प्याटप्प्यानं सगळं इथे बनवायचंय त्यांनीच राहावं. जनरल मोटर्स आणि फोर्डनं गाशा गुंडाळला. उरल्या मोजक्या कंपन्या, मोजकी मॉडेलं आणि लांबच लांब रांगा.

त्या रांगांच्या काळात फियाट ११०० आपल्याकडे रुजली. सुरुवातीची ती गोलमटोल 'डुक्कर फियाट', मग सिलेक्ट, सुपर सिलेक्ट, आणि १९६४ ची डिलाइट. लालबहादूर शास्त्री पंतप्रधान असताना त्यांनी घेतलेली गाडी फियाटच होती. किंमत १२,००० रुपये, त्यातले ५,००० पंजाब नॅशनल बँकेचं कर्ज. शास्त्रीजी १९६६ मध्ये ताश्कंदला गेले आणि ते कर्ज त्यांच्या पत्नी ललिताबाईंनी पेन्शनमधून फेडलं. देशाच्या पंतप्रधानाला जी गाडी कर्जानं घ्यावी लागते ती सामान्य माणूस दहा वर्षांत टाकून देईल का? ती टिकवायचीच असते.

इटलीत ११०० ची शेवटची आवृत्ती १९६९ मध्ये बंद झाली. आपल्याकडे फियाटशी असलेला करार १९७२ मध्ये संपला, गाडीचं नाव आधी प्रीमियर प्रेसिडेंट आणि १९७४ पासून प्रीमियर पद्मिनी झालं. आमच्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर मूळ प्रोजेक्टनं मेंटेनन्स सोडला आणि आपण कोड फोर्क करून पुढे तीन दशकं चालवला. तेच १०८९ सीसीचं इंजिन, तोच स्टेअरिंगला लावलेला गिअरचा दांडा, मागे तेच पाटे. १४ डिसेंबर १९८३ ला मारुती ८०० आली आणि पद्मिनीचे दिवस भरत आले, तरी कुर्ल्याचं उत्पादन २००० नंतरच थांबलं.

एवढी वर्षं एकच गाडी बनत राहिली याचा तोटा सगळे सांगतात, आणि तो खराच आहे. पण एक गोष्ट त्यातून आपोआप झाली. चाळीस वर्षं एकाच इंजिनावर हात फिरल्यामुळे गावोगावी माणसं तयार झाली. मिस्त्रीकाका तेराव्या वर्षी गॅरेजमध्ये पाना द्यायला लागले तेव्हा समोर डिलाइट होती, आणि पन्नाशीत आले तेव्हाही समोर तिचीच बहीण होती. पुस्तक नाही, ट्रेनिंग नाही. चालक मिस्त्रीकडून शिकला, मिस्त्री दुसऱ्या मिस्त्रीकडून, आणि मालक दोघांकडून. माझे बाबा कॉलेजात इंग्रजी शिकवायचे, पण पॉइंटच्या फटीत सिगारेटच्या पाकिटाचा पुठ्ठा घालून माप घेणं आणि टॅपेटचा आवाज ओळखणं त्यांना येत होतं. आज आपण ज्यांना 'कार एन्थुझियास्ट' म्हणतो ते या नाइलाजानं शिकलेल्या लोकांचे हौशी वारसदार आहेत.

आता कायद्याकडे येतो, कारण खरी गोची तिथे आहे.

१९८८ च्या मोटार वाहन कायद्यानं खासगी गाडीची नोंदणी पहिली १५ वर्षं चालते. पुढे दर ५ वर्षांनी तपासणी करून ती वाढवून घ्यायची. त्यासाठीचं शुल्क पूर्वी ६०० रुपये होतं, एप्रिल २०२२ पासून ५,००० झालं, आणि ऑगस्ट २०२५ पासून २० वर्षांवरच्या मोटारींसाठी १०,०००. शिवाय महाराष्ट्रात जुन्या गाडीला पर्यावरण कर आहेच. दुसऱ्या टोकाला, २०२१ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे ५० वर्षं पूर्ण झालेली गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. शुल्क २०,००० रुपये, नंबरात व्हीए ही अक्षरं, पण अट अशी की गाडी मूळ रूपात हवी. सांगाडा, बॉडी, इंजिन यांत मोठे फेरफार केलेले चालत नाहीत. आणि अशी गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला काढता येत नाही.

म्हणजे पंधराव्या वर्षी गाडी म्हातारी होते आणि पन्नासाव्या वर्षी वारसा होते. मधली पस्तीस वर्षं तिचं कुणीच नाही! पण पन्नासाव्या वर्षी ती मूळ रूपात हवी असेल तर ती पस्तीस वर्षं कुणीतरी सांभाळलीच पाहिजे ना?

सरकारचं सगळं चुकतंय असं म्हणायचं नाही मला. पद्मिनीच्या धुराड्यात कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नाही, ब्रेक चारही चाकांना ड्रमचे, आणि अपघात झाला तर एअरबॅग म्हणजे तुमची स्वतःची छाती. अशा हजारो गाड्या रोज शहरात धावाव्यात असं मलाही वाटत नाही. पण वर्षाला पाचशे किलोमीटर चालणारी, जीव लावून सांभाळलेली गाडी आणि रोज शंभर किलोमीटर धूर ओकणारी गाडी यांना एकाच मापानं मोजलं की पहिलीच आधी भंगारात जाते, कारण तिचा मालक हिशेब करतो आणि हिशेबात ती बसत नाही.

राजेरजवाड्यांच्या रोल्स रॉइस आणि पॅकार्ड यांची काळजी नाही. त्यांना क्लब आहेत, रॅली आहेत, पैसे आहेत. मध्यमवर्गाच्या गाडीला टॅक्सी होती. मुंबईच्या काळ्यापिवळ्या पद्मिन्या रोज धावत होत्या तोवर पंपाचा डायफ्रॅम, क्लचप्लेट, दाराची काच वर करायचं हँडल असं सगळं बनत होतं, विकलं जात होतं. ज्या कुर्ल्यात गाडी जन्मली त्याच कुर्ल्याच्या भंगार बाजारात तिचे अवयव मिळत होते. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेवच्या आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदली गेली होती. टॅक्सीला २० वर्षांची मर्यादा, त्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यावरून हा प्रकार संपला. वर्तमानपत्रांत हळवे लेख आले, लोकांनी फोटो काढले. आमच्यासारख्यांना काळजी वेगळीच होती: आता पार्ट कोण बनवणार, आणि त्याहून मोठी म्हणजे आता हात कुणाचे तयार होणार?

त्याचं अर्धं उत्तर मला रविवार सकाळच्या मंडळींमध्ये सापडलं. पुण्यात, मुंबईत, नागपुरात असे पाच-पंधरा जण कुठेतरी चहाला जमतात, बॉनेट उघडतात आणि दुपारपर्यंत काळे हात घेऊन घरी जातात. आमच्यातले एक बँकेतून रिटायर झालेले काका पॉइंट सेट करतात ते नुसतं ऐकून. एकाला मागच्या लाल दिव्यांच्या काचांची खाण सापडली होती, त्यानं त्या सगळ्यांना घेतल्या भावात वाटल्या. एक पोरगा डॅशबोर्डची तुटलेली बटणं थ्री-डी प्रिंटरवर काढून देतो. २०२५ मध्ये देशभर पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आलं तेव्हा, इथेनॉल जुन्या रबराला फुगवतं आणि चिरतं हे मला यांनीच समजावलं. "व्हायटॉनचे पाइप टाक, टाकी रिकामी ठेवून गाडी महिनोन्महिने उभी करू नकोस, पाणी धरतं" हेही त्यांचंच. (कुऱ्ह्याजवळचा किस्सा त्यांना सांगितल्यावर जे ऐकून घेतलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.)

मी काय देणार? मला पाना नीट धरता येत नाही. पण याद्या करता येतात. कुठला बेअरिंग नंबर दुसऱ्या कुठल्या गाडीला चालतो, कुठलं ऑइल सील ट्रॅक्टरच्या दुकानात मिळतं, कुठला पार्ट दिसायला सारखा असून बसत नाही, हे सगळं या लोकांच्या डोक्यात विखुरलेलं होतं. ते मी वर्षभर विचारून, प्रत्येक नोंद कुणाच्या तरी गाडीवर पडताळून एका तक्त्यात भरलं. चारशेच्या वर ओळी झाल्यात. ऋतुपर्णाकडे तरी काय होतं? झाडाची पानं मोजायची विद्याच. आणि बाहुकानं ती खाली उतरून तपासून घेतली होती.

उरलेल्या अर्ध्या उत्तराचा मात्र पत्ता नव्हता. तक्त्यात पार्ट नंबर मावतो, 'दम कोंडल्यावानी' आणि 'उचक्या देऊन' यांतला फरक मावत नाही. आणि दिवाळीत गेलो तेव्हा कळलं की काकांना डाव्या कानानं ऐकू येईनासं झालंय. उजव्या कानाचंही काही खरं नाही, असं ते हसत हसत म्हणाले.

मी आपलं माझ्या परीनं मोबाइल काढला. म्हटलं, काका, एकेका बिघाडाचा आवाज रेकॉर्ड करून ठेवू, खाली तुमच्या शब्दांत नाव लिहू. त्यांनी तीन-चार आवाज करू दिले, मग मोबाइल बाजूला ठेवायला लावला.

"याच्यानं होत नाही. तू घरात जाय अन् चहा पिऊन ये."

परत आलो तर त्यांनी गाडीत मुद्दाम काहीतरी बिघडवून ठेवलं होतं. "सांग."

एक प्लगची वायर निघालेली होती, ती ओळखली. मग कार्बोरेटरच्या बुडाशी ढिले केलेले नट. त्याला मी टॅपेट म्हणालो, चुकलो. मग पॉइंटची फट, चुकलो. मग फॅनबेल्ट, बरोबर. पाचवं काय होतं ते अजून सांगितलेलं नाही त्यांनी, गाडी तशीच सोडून घरी गेले आणि म्हणाले, "सापडलं की फोन करजो." दुसऱ्या दिवशी दुपारी सापडलं. डिस्ट्रिब्युटरच्या कॅपला आतून बारीक रेघ होती, ठिणगी तिथून पळत होती. फोन केला. काकांना नीट ऐकू आलं नाही, मला ते तीनदा ओरडून सांगावं लागलं.

आमच्या गाडीच्या नोंदणीची मुदत २०२६ ला संपते. पुण्यातल्या मित्रांचा सल्ला आहे की स्क्रॅप कर आणि मोकळा हो. दहा हजार, वर कर, वर दुरुस्त्या, कशासाठी? हिशेब त्यांचाच बरोबर आहे. पण एकदा नोंदणी वाढवली की ती थेट २०३१ पर्यंत, आणि २०३१ मध्ये तिला पन्नास पूर्ण होतात. पस्तीसपैकी तीस वर्षं बाबांनी, काकांनी आणि त्यांच्या आधीच्या मालकानं काढली. शेवटची पाच माझ्या वाट्याला आलीत. ती मी भरणार आहे. अश्वविद्या सध्या पाचातून अडीच अशी आहे, तेवढी वाढवायला पाच वर्षं पुरावीत.

तुमच्या घरी, मामाच्या गोठ्यात, काकांच्या पार्किंगमध्ये एखादी पद्मिनी ताडपत्रीखाली असेल तर विकायच्या आधी मला सांगा. पंप उघडून बसवायला मी शिकवीन, तेवढं आता येतं. बदल्यात तुम्हाला जे येत असेल ते चालेल. वेल्डिंग येत असेल तर फारच उत्तम, आमच्यात कुणालाच येत नाही.

ता. क. : पाइप बदलला. व्हायटॉनचाच.